पिसं हातात घेतली म्हणून चळवळ बुडत नाही

"याने समाजाचं काय भलं होणार?" हा प्रश्न आपल्याकडे मोर्चाला विचारत नाहीत, वधू-वर मेळाव्याला विचारत नाहीत, जयंतीच्या डीजेलाही विचारत नाहीत. तो विचारला जातो आपल्यातल्या कुणी कॅमेरा घेतला, गिटार शिकायला घेतली किंवा रविवारी डोंगर चढायला निघाला की. गेल्या महिन्यात तो माझ्या एका मित्राला विचारला गेला. ज्या भाषेत विचारला गेला ती वाचून मला हे लिहावंसं वाटलं, कारण विचारणारे सगळे माझ्या ओळखीचे, चळवळीत घाम गाळलेले लोक आहेत. त्यांना टाळून पुढे जाता येत नाही.

मित्र मूळचा उत्तर नागपूरचा. गेली काही वर्षं इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका शहरात नोकरी करतो. शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त बसचालकाने त्याला 'फ्लाय टाइंग' शिकवलं. या छंदाच्या मंडळाची सर्वांत जवळची शाखा त्यांच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे, हिवाळ्यात रात्री तिथून परत येणं म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. म्हणून दोघांनी आपल्याच गावात शाखा काढायचं ठरवलंय. त्याने ही बातमी आमच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आनंदाने टाकली. तासाभरात उत्तरं आली. "बाबासाहेबांनी लंडनमध्ये उपाशी राहून अभ्यास केला, तू माश्या बांध." "साहेब झाले, आता साहेबांचे शौक." एकाला फक्त 'शाखा' हा शब्द खटकला. (त्याचंही चुकलं नाही. महाराष्ट्रात शाखा म्हटलं की कान टवकारतातच.)

आधी हे प्रकरण काय ते सांगतो, कारण टीका करणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते ठाऊक नव्हतं. ट्राउट नावाचा मासा नदीवर उडणारे, पाण्यात वाढणारे बारीक किडे खातो. त्याला धरायचं तर गांडूळ किंवा पिठाची गोळी न लावता, किड्यासारखं दिसणारं नकली आमिष वापरायची रीत युरोपात शेकडो वर्षं जुनी आहे. ते आमिष म्हणजे 'फ्लाय', माशी. बोटाच्या पेराहूनही लहान गळ एका छोट्या व्हाइसमध्ये पकडायचा. फिटरच्या टेबलावर असतो तसाच व्हाइस, पण एका हातात मावेल असा. मग त्या गळावर दोरा गुंडाळत जायचं आणि त्या दोऱ्याखाली पीस, सशाचे केस, लोकर, तांब्याची तार असं काहीबाही बांधत जायचं. शेवटी दोऱ्याचीच गाठ, तिच्यावर वार्निशचा थेंब. शिकाऊ माणसाला एक माशी बांधायला अर्धा तास लागतो आणि ती सुटून येते. सहा महिन्यांनी पाच मिनिटं लागतात.

नदीतल्या ट्राउटचा हंगाम थंडीत बंद असतो. त्यामुळे हे काम हिवाळ्याच्या संध्याकाळचं. ब्रिटनमध्ये 'फ्लाय ड्रेसर्स गिल्ड' ही संस्था १९६७ साली सुरू झाली आणि तिच्या शाखा देशभर आहेत. शाखा म्हणजे काय, तर एखादा हॉल, पंधरा-वीस माणसं, टेबलावर दिवे, कुणीतरी जाणता पुढे बसून बांधून दाखवतोय, बाकीचे बघून बांधताहेत, मध्येच चहा. वर्गणी, सचिव, खजिनदार, वार्षिक सभा. आपल्या कुठल्याही मंडळासारखंच.

आता पहिला आक्षेप: हा रिकामटेकड्यांचा, श्रीमंतांचा खेळ आहे.

यात तथ्य आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये भरतीचं पाणी न पोचणाऱ्या नद्यांवर मासे धरण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी काठच्या जमीनमालकाकडे असतो. टेस्ट नदीवरचा हॉटन क्लब १८२२ पासून आहे. आजही त्याचे सभासद मूठभर, आणि पैसे आहेत म्हणून अर्ज टाकला असं तिथे चालत नाही. त्याहून बोलकी गोष्ट भाषेत आहे. तिथे गोड्या पाण्यातल्या माशांचेच दोन वर्ग पाडलेले आहेत. सामन आणि ट्राउट हे 'गेम' मासे, म्हणजे शिकारीच्या मानाचे. बाकी रोच, ब्रीम, पर्च, पाइक हे सगळे 'कोर्स', म्हणजे भरड, हलके. मानाचे मासे जमीनदारांच्या नदीत, भरड मासे गिरणी कामगारांच्या कालव्यात आणि तळ्यात. शेफिल्डचे सुऱ्या-कात्र्या घडवणारे कामगार रविवारी रेल्वेने निघायचे ते या भरड माशांसाठी. मासा काही जन्माला येताना भरड नसतो. तो कुणाच्या ताटात आणि कुणाच्या पाण्यात आहे यावरून त्याची पायरी ठरली. हे वाचताना आपल्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

आणि मानाच्या माशांच्या आतही सोवळंओवळं होतंच. फ्रेडरिक हॅल्फर्ड नावाच्या गृहस्थाने १८८६ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या माशीवर पुस्तक लिहिलं. ते पद्धतीचं पुस्तक होतं, पण त्याच्या अनुयायांनी त्याचा धर्मग्रंथ केला. दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या निवळ नद्यांवर माशी तरंगलीच पाहिजे, बुडणारी माशी वापरणं म्हणजे बाटणं, असा दंडक झाला. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने १९१० च्या पुस्तकात शांतपणे दाखवून दिलं की ट्राउट बरंचसं अन्न पाण्याखालीच खातो. त्याला लोकांनी अनेक वर्षं छळलं, आणि १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये बुडणारी माशी वापरणं सभ्यपणाला धरून आहे की नाही यावर रीतसर वाद झाला. युरोप युद्धाच्या तोंडावर उभा, आणि ही मंडळी माशी बुडावी की तरंगावी यावर सभा घेतात!

तेव्हा माझ्या ग्रुपवरच्या मित्रांनो, हा खेळ वरच्यांचा होता हे मान्य. पण तुम्ही तिथेच थांबता, गोष्ट तिथे थांबत नाही.

मोठ्या शहरांना पाणी पुरवण्यासाठी इंग्लंडमध्ये मोठमोठे तलाव बांधले गेले. ब्लॅग्डन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, च्यू व्हॅली १९५६ मध्ये. १९६६ मध्ये ग्रॅफम वॉटर मासेमारीसाठी खुलं झालं. या तलावांत ट्राउट सोडले आणि दिवसाचं तिकीट ठेवलं. जमीनदाराची ओळख नको, क्लबची शिफारस नको. तिकीट काढा, काठावर उभे रहा. कारखान्यातला माणूस, शाळामास्तर, पोस्टमन ट्राउटच्या पाण्यावर आला तो या दाराने. आणि १९६७ मध्ये गिल्ड निघालं. एकामुळेच दुसरं झालं असा माझा दावा नाही, पण दोन्ही एका वर्षाच्या अंतराने घडतात, आणि नव्याने आलेल्या माणसाला महागड्या दुकानातली माशी विकत घेण्यापेक्षा स्वतः बांधणं परवडतं, हे समजायला फार मोठं संशोधन लागत नाही. सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या तलावाने जे दार उघडलं, ते खाजगी नदीने शेकडो वर्षांत उघडलं नव्हतं. खाजगीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

इथे कुणी लगेच चवदार तळ्याचा दाखला देईल. मी देणार नाही. महाडला १९२७ मध्ये आपल्या लोकांना पाणी प्यायचं होतं आणि माणूस म्हणून उभं राहायचं होतं. ट्राउटचं तिकीट ही करमणूक आहे. दोन्ही एका तागडीत घालणं हा त्या सत्याग्रहाचा अपमान होईल. फक्त एवढंच नोंदवतो की पाणी कुणाचं हा प्रश्न जिथे जिथे विचारला जातो, तिथे उत्तर कायद्यात आणि मालकीत सापडतं, माणसाच्या स्वभावात नाही.

नदी मूठभरांची राहिली, टेबल मात्र तसं राहिलं नाही. या छंदात मला सर्वांत आवडलेला माणूस फ्रँक सॉयर. विल्टशरमधल्या एव्हन नदीवर लष्करी अधिकाऱ्यांच्या मासेमारी मंडळाचा तो पगारी राखणदार होता. नदी साफ ठेवायची, गवत कापायचं, मासे वाढवायचे, आणि मासे साहेबांनी धरायचे. त्याने रोज पाण्यात वाकून किड्यांची अळी पाहिली आणि एक माशी बनवली: फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे काही तंतू आणि तांब्याची बारीक तार. दोरासुद्धा नाही, तारच दोऱ्याचं काम करते आणि तीच वजन देऊन माशी बुडवते. दोन वस्तू, बस. हॅल्फर्डच्या सोवळ्यात न बसणारी ही बुडणारी माशी आज जगभर 'फेझंट टेल' म्हणून वापरतात. ज्याला रोज नदीत उतरावं लागत होतं त्याला जे दिसलं, ते काठावर दुर्बीण घेऊन बसलेल्यांना दिसलं नव्हतं. ज्ञान कुणाकडे असतं आणि नाव कुणाचं होतं, हा आपल्या अभ्यासाचा जुना विषय आहे. सॉयरच्या बाबतीत निदान नाव त्याचंच राहिलं, कारण त्याने लिहिलं. राखणदाराने पुस्तकं लिहिली. आपल्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

आता 'रिकामटेकड्यांचा' या शब्दाकडे येतो. आपल्या कार्यकर्त्यांत एक समजूत घट्ट बसलेली आहे: फुरसत ही चोरी आहे, बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे म्हणून आपणही अठरा तास कामात नसलो तर बेइमान. ज्यांना बाबासाहेबांचा हवाला द्यायचा आहे त्यांनी 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' हे १९४५ चं पुस्तक उघडावं आणि गांधीवादावरचं प्रकरण वाचावं. यंत्राला विरोध करणाऱ्या गांधीजींना बाबासाहेबांनी तिथे काय उत्तर दिलं आहे? की जनावर आणि माणूस यांत फरक करतं ते सांस्कृतिक जीवन, ते फुरसतीशिवाय शक्य नाही, आणि यंत्राने ती फुरसत सर्वांना मिळू शकते. फुरसत मूठभरांकडेच राहावी आणि बाकीच्यांनी राबावं, ही व्यवस्था त्यांना मान्य नव्हती. हे नुसतं पुस्तकात राहिलं नाही. मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी जे विधेयक मांडलं, त्यातून १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते वाचलेले सहा तास कामगाराने कशात घालवावेत याची यादी त्यांनी कायद्याला जोडली नव्हती. आणि स्वतः बाबासाहेब? व्हायोलिन शिकायला घेतलं होतं, चित्रं काढून पाहिली होती. त्या वेळी कुणी "याने समाजाचं काय भलं होणार" असं विचारायला गेलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला थॉर्स्टीन वेब्लेन शिकवला होता, १८९९ चा. वरचा वर्ग आपली फुरसत मिरवतो, काम न करणं हीच त्याची प्रतिष्ठा. बरोबर आहे. पण वेब्लेनवर बोट ठेवून खालच्याला फुरसत नाकारणं हा उलटा न्याय झाला. जो वर्ग पिढ्यान् पिढ्या फुरसतीपासून तोडला गेला, त्याच्या मुलाने संध्याकाळी दोन तास स्वतःच्या मर्जीने हाताचं काम करावं, हे मिरवणं नाही.

खरं अवघड प्रकरण पुढे आहे. ग्रुपवरच्या टोमण्यांचं मला फार वाटलं नाही. मित्राचे वडील, ज्यांना मी काका म्हणतो, त्यांनी जे फोनवर विचारलं ते मात्र अजून मनात आहे. काका म्हणाले, "आमच्या बापाने मेलेलं ढोर ओढणं सोडलं, गावाने बहिष्कार टाकला तरी पुन्हा हात लावला नाही. कातडं, केस, पिसं हे सगळं सोडून आलो आपण. आणि हा तिकडे जाऊन सशाची कातडी टेबलावर ठेवून बसतो? हौसेने?"

हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. महाडनंतर विसाव्या शतकाच्या विशी-तिशीत गावोगावच्या आपल्या माणसांनी मेलेलं जनावर ओढणं, त्याचं मांस खाणं सोडलं, ते सोडण्यासाठी मार खाल्ला, कामं गमावली, पाणी तोडलं गेलं. त्या पिढीच्या हातातून जे खाली टाकलं गेलं, ते नातवाने उचलताना आजोबा आठवणारच. काकांचा राग हा इतिहास जपणाऱ्या माणसाचा राग आहे.

तरीही मी काकांशी वाद घातला. त्या पिढीने काय टाकलं होतं? कातडं कमावण्याची, केस निवडण्याची, हाडाची, शिंगाची जी कला होती ती घाण होती म्हणून टाकली का? घाण ती कला नव्हती, घाण होतं ते जन्माने लादलेलं असणं, त्याचे दाम न मिळणं आणि त्यावरून माणसाची किंमत ठरणं. जातिव्यवस्था ही श्रमाची वाटणी नसून श्रमिकांची वाटणी आहे, हा बाबासाहेबांचा १९३६ चा युक्तिवाद आपण भाषणात शंभरदा ऐकतो. त्याचा अर्थ टेबलावर बसवून पाहा. इंग्लंडच्या त्या हॉलमध्ये एका बाकावर निवृत्त शल्यचिकित्सक आणि शेजारी नळ दुरुस्त करणारा, दोघांच्या हातात सशाच्या कानावरचे केस. त्या केसांमुळे दोघांपैकी कुणाचं आडनाव पडत नाही, कुणाची पोरगी नाकारली जात नाही, कुणी चहाचा कप वेगळा ठेवत नाही. काम तेच आहे, माती करणारी गोष्ट त्याच्याभोवती नाही. ही गोष्ट आपल्या पोराने स्वतःच्या बोटांनी अनुभवावी, हे मला फार मोलाचं वाटतं. काका पटले नाहीत. "तुझं बोलणं पुस्तकी आहे," म्हणाले. असेलही.

पण काकांच्या बोलण्यात एक धागा असा आहे जो इंग्लंडातही सुटत नाही. हौसेने बांधणारा माणूस कलावंत म्हणवतो. दुकानात डझनाने मिळणाऱ्या माश्या कोण बांधतं? केनिया, श्रीलंका, थायलंडसारख्या देशांतले कामगार, त्यात बायका मोठ्या संख्येने. त्यांची बोटं या सभासदांपेक्षा कितीतरी तयार, आणि त्यांचं नाव डबीवर नसतं. एकच गाठ, एकीकडे छंद, दुसरीकडे नगावर मजुरी. शाखेने वर्षातून एक संध्याकाळ तरी या विषयावर ठेवावी असं मी मित्राला सुचवलं आहे.

पिसांचा दुसरा हिशोब तर थेट आपल्या डोंगरापर्यंत येतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात सामन माशासाठी रंगीबेरंगी, दागिन्यासारख्या माश्या बांधायची टूम आली. जॉर्ज केल्सनचं १८९५ चं पुस्तक तिची गीता. सामनला त्या रंगांशी काही घेणंदेणं नव्हतं, पण साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून पक्ष्यांची पिसं लंडनच्या बाजारात येत होती आणि ती वापरायची हौस होती. त्यात जवळजवळ प्रत्येक मानाच्या माशीच्या गालावर बसवलेलं एक पीस असायचं: 'जंगल कॉक'. म्हणजे आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. त्याच्या मानेवरच्या पिसांवर मेण ओतल्यासारखे पिवळे-पांढरे ठिपके असतात. आंबोलीला किंवा कोयनेच्या रानात पहाटे ज्याचं आरवणं ऐकू येतं, तोच. त्याच्या माना सोलून जहाजाने जात होत्या. आता आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण त्याला आहे, तिकडे पाळलेल्या पक्ष्यांची पिसं कागदपत्रांसह विकली जातात.

ही हौस किती टोकाला जाते ते २००९ च्या जून महिन्यात दिसलं. लंडनमध्ये संगीत शिकणाऱ्या, सामनच्या माश्या बांधण्यात नावाजलेल्या एका अमेरिकन तरुणाने ट्रिंग इथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची खिडकी फोडून २९९ पक्ष्यांची कातडी पळवली. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेले नमुनेही होते. पिसं सुटी करून या छंदाच्या लोकांना विकली गेली. त्याला तुरुंगवास झाला तो स्थगित स्वरूपाचा. या प्रकरणावर कर्क वॉलेस जॉन्सनचं २०१८ चं पुस्तक आहे. आपल्याकडे रानात एक तितर धरल्याबद्दल पारध्याच्या किंवा आदिवासीच्या पोराची काय गत होते, ते या कामात असलेल्यांना ठाऊक आहे. म्हणून नव्या शाखेच्या नियमावलीत पहिला नियम हवा: कुठून आलं हे सांगता येत नाही ते पीस टेबलावर येणार नाही. कोंबडीचं, फेझंटचं, खाटकाकडच्या बदकाचं पीस पुरतं. सॉयरला पुरलं होतं.

राहिला पंचशीलाचा प्रश्न. मी बौद्ध आहे, तो मला स्वतःलाही पडला. प्राणिहिंसेपासून विरत राहीन असं दर पौर्णिमेला विहारात म्हणायचं आणि माशाच्या ओठात रुतणाऱ्या वस्तूचं कौतुक करायचं? "धरून सोडून देतो" हे तिथल्या लोकांचं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. पोटासाठी मासा मारणाऱ्या माणसापेक्षा गंमतीसाठी त्याला दमवून सोडणारा अधिक अहिंसक कसा, हे मला अजून कुणी पटवलेलं नाही. त्याच वेळी हेही सांगतो की अहिंसेचं नाव घेऊन दुसऱ्याच्या ताटात डोकावणारी टोळी आपल्या देशात मोकाट आहे, आणि कोळी-भोई बांधवांना किंवा रविवारी सुकटाची चटणी खाणाऱ्या आपल्याच आयाबहिणींना शीलावर प्रवचन देण्याचा अधिकार मी घेणार नाही. मी स्वतः गळ पाण्यात टाकणार नाही. मित्र वर्षातून चार-सहा वेळा टाकतो. आमचं यावर एकमत नाही आणि मैत्री शाबूत आहे.

पण या छंदातच एक बाई होऊन गेली. मेगन बॉयड, जन्म १९१५. स्कॉटलंडच्या उत्तरेला ब्रोराजवळ एका साध्या घरात आयुष्यभर सामनच्या माश्या बांधल्या. नदीच्या राखणदाराची मुलगी. राजघराण्यातले लोक तिचे गिऱ्हाईक. १९७१ मध्ये तिला राणीच्या नावाने पदक जाहीर झालं तेव्हा कुत्र्याला सांभाळायला कुणी नाही म्हणून ती लंडनला गेली नाही. आणि मासे? तिने धरले नाहीत, मासा मारायची कल्पनाच तिला रुचत नव्हती. तिच्या वागण्यात विसंगती होती असं कुणी म्हणेल, आणि ते चूक नाही; तिच्या माश्यांनी मासे धरले जातच होते. पण हात आणि गळ यांच्यामध्ये थांबायला जागा असते हे तिने दाखवलं. शाखेत 'फक्त बांधणारे' या सभासदांना पूर्ण मान हवा. किती मासे धरले यावरून पायऱ्या लागल्या की संपलं.

या सगळ्यात शाखा काढण्याचं महत्त्व मला का वाटतं? २०१८ मध्ये ब्रिटनच्या सरकारला एकाकीपणा या विषयासाठी मंत्री नेमावा लागला. श्रीमंत देश, आणि माणसं एकटी. अमेरिकेत २००५ पासून वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयातून सुरू झालेला एक उपक्रम जखमी सैनिकांना माशी बांधायला शिकवतो; थरथरणारा हात, बिघडलेली झोप यांवर दोऱ्याच्या वळशांनी काम होतं असा त्यांचा अनुभव. व्यसनमुक्तीच्या कामात मी हेच पाहतो: माणसाला संध्याकाळी सात ते नऊ कुठे बसायचं हे हवं असतं. उपदेश त्यानंतर.

आणि आपला माणूस परदेशात गेला की कुठे बसतो? एक तर घरात, नाहीतर 'महाराष्ट्रीय' म्हणवणाऱ्या अशा मंडळात जिथे आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न गावाचा, त्याच्या पुढचा गल्लीचा. जॉन ड्युईकडून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी समाजाची कसोटी कोणती सांगितली होती? गटांमध्ये मोकळी देवाणघेवाण किती आहे. आपली विहारं, जयंती मंडळं हवीतच, ती आपला आधार आहेत. पण तिथे आपणच आपल्याला भेटतो. बसचालक गोरा म्हातारा आणि उत्तर नागपूरचा बौद्ध पोरगा एका दिव्याखाली बसून एकमेकांच्या चुका काढतात, ही देवाणघेवाण कुठल्या ठरावाने होत नाही.

मात्र ती आपोआपही होत नाही. ब्रिटनचा २०१० चा समता कायदा नियमांनी सभासद घेणाऱ्या मंडळांना भेदभावाला मनाई करतो, पण किमान २५ सभासद असलेल्यांनाच. आणि जात हा शब्द त्यात संरक्षणाचा आधार म्हणून स्पष्टपणे आणायला तिथल्या सरकारने २०१८ मध्ये नकार दिला. म्हणजे बारा जणांचं स्वतंत्र मंडळ असेल तर ते कसं वागेल हे त्या बारा जणांवर. त्यामुळे जागेपासून सुरुवात. मित्राच्या शेजाऱ्याला पबची मागची खोली सोयीची वाटते, भाडं नाही. मी म्हटलं, वाचनालयाची खोली घ्या. पबमध्ये शेजारची मुस्लिम बाई येणार नाही, दारू सोडलेला माणूस येणार नाही, बारा वर्षांचं पोर येणार नाही, आणि मग तुम्हीच म्हणाल की त्यांना रस नाही. जागा निवडतानाच सभासद निवडले जातात. दुसरं, व्हाइस, कात्री, बॉबिन यांचे चार-पाच संच शाखेचे असावेत, नव्या माणसाने पहिल्या दिवशी खिशाला हात घालू नये. तिसरं, सचिवपद दोन वर्षांनी फिरावं. आपल्याकडे मंडळं कशाने मरतात ते मी सांगायला नको. एकच अध्यक्ष वीस वर्षं, आणि त्याच्यानंतर त्याचा पुतण्या.

वर्गणीवर मात्र आमचं अजून जुळलेलं नाही. माझं म्हणणं, पहिलं वर्ष कुणाकडूनच घेऊ नका. बसचालक आजोबांचं म्हणणं, फुकट आलेला माणूस तिसऱ्या आठवड्याला येत नाही, थोडे का होईना पैसे टाकू दे, नाहीतर तो स्वतःला पाहुणा समजेल. चाळीस वर्षं बस चालवलेल्या माणसाचं तिकिटाबद्दलचं मत आहे, सहज उडवून लावता येत नाही. वाचनालयाची खोली ऑक्टोबरपासून मंगळवारी मिळणार आहे. मिडलंड्समध्ये आपले जे वाचक राहतात त्यांनी या वर्गणीच्या प्रश्नावर मला जरूर कळवावं; आपली मंडळं तुम्ही तिथे चालवली आहेत, तुमचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे.